ऑपरेशन झालेल्या नाकातलं फिलर: काढायचं कधी, आणि घाई कधी करायची?

मागच्या अंकात राइनोप्लास्टीवर म्हणजे नाकाच्या ऑपरेशनवर थोडं लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं एकच निघालं. ऑपरेशन झालं, मग उरलंसुरलं नीट करायला कोणीतरी फिलर, म्हणजे खड्डे भरायची जेल, टोचलं, आणि आता ते काढायचंय. म्हणून या वेळी केस, वांग, पिंपल्स सगळं बाजूला, फक्त नाक. पत्र वाचून मी कोणाचं नाक तपासू शकत नाही हे तुम्हाला माहितीच आहे, तेव्हा इथलं वाचा, पण दाखवायला डॉक्टरकडेच जा.

मॅडम, मी 27 वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते, आयटीत आहे. 14 महिन्यांपूर्वी राइनोप्लास्टी केली, ओपन होती, नाकावरचा उंचवटा काढला आणि शेंड्याला माझ्याच नाकाच्या पडद्याचं कार्टिलेज म्हणजे कूर्चा लावली. सगळं छान चाललं होतं पण पाचव्या महिन्यात दांड्यावर डावीकडे छोटासा खड्डा दिसायला लागला, सेल्फीत तर जास्तच. सर्जन म्हणाले वर्षभर थांब. मला नाही थांबवलं, ऑफिसजवळच्या एका स्किन क्लिनिकमध्ये गेले, त्यांनी हायल्युरॉनिकचं फिलर टाकलं अर्धा एमएल, खड्डा गेला, मग दोन महिन्यांनी अजून थोडं टाकलं. आता समोरून नाक रुंद दिसतं, ट्यूबलाइटखाली दांड्यावर निळसर छटा येते, आई म्हणते यापेक्षा आधीचंच बरं होतं. सर्जनकडे परत गेले तर म्हणाले आधी फिलर विरघळव, मग बघू रिव्हिजन म्हणजे दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन लागतं का. पण नेटवर वाचलं की ते विरघळवायचं इंजेक्शन स्वतःचं टिश्यू पण खातं, नाक बसतं, कातडी लोंबते. माझं लावलेलं कार्टिलेजच विरघळलं तर? झोप उडालीये. — एक वाचक, डोंबिवली

अगं, आधी झोप. तुला अगं-तुगं करते, चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

तुझ्या सर्जननी सांगितलंय ते बरोबर आहे. आता भीतीकडे येऊ. फिलरमधलं हायल्युरॉनिक ॲसिड म्हणजे एक प्रकारच्या साखरेची लांबलचक साखळी, आणि ती आपल्या अंगात आधीपासूनच असते, त्वचेत, सांध्यात, डोळ्यात. 70 किलोच्या माणसात साधारण 15 ग्रॅम असते म्हणतात आणि त्यातली जवळजवळ तिसरा हिस्सा रोज तुटते आणि रोज नवी बनते. फिलर बनवणारे काय करतात, तर या साखळ्या एकमेकींना केमिकलने बांधून त्याची जेल करतात म्हणजे शरीराला ती लवकर तोडता येत नाही. हायल्युरोनिडेज नावाचं जे विरघळवायचं इंजेक्शन आहे ते एक एन्झाइम आहे, ते ही साखळी कापतं. ते काही काल निघालेलं नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्यामागे भूल द्यायचे त्या इंजेक्शनमध्ये डोळ्यांचे डॉक्टर ते वर्षानुवर्षं मिसळत आलेत, भूल नीट पसरावी म्हणून. तुझ्या आजीला ते मिळालं असण्याची बरीच शक्यता आहे आणि तिला कोणी विचारलंही नसेल.

आता स्वतःचं टिश्यू खातं का? तर हो, तुझं स्वतःचं हायल्युरॉनिक पण थोडं कापलं जातं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण एन्झाइम तिथे थोडाच वेळ काम करतं, नंतर शरीर त्याला निकामी करून टाकतं, आणि तुझं स्वतःचं तर रोजच नवीन बनत असतं, ते काही दिवसांत भरून येतं. फिलर मात्र परत बनत नाही, तो गेला तो गेला. कार्टिलेजचं म्हणशील तर त्याचा सांगाडा कोलॅजनचा असतो, कोलॅजन म्हणजे प्रोटीन, आणि हे एन्झाइम प्रोटीन कापतच नाही. त्यामुळे 14 महिन्यांपूर्वी लावून आता पक्कं बसलेलं तुझं ग्राफ्ट नेहमीच्या डोसने विरघळून जाईल ही भीती सोड. टाके विरघळत नाहीत, हाड नाही, कोणाला ऑपरेशनमध्ये चरबी भरली असेल तर तीही नाही. फक्त ऑपरेशनला जेमतेम काही आठवडेच झाले असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा ज्याने नाक केलंय त्याला विचारल्याशिवाय कोणालाही सुई लावू देऊ नये.

मग नेटवर लोक "नाक बसलं" असं का लिहितात? कारण फिलर गेल्यावर जे दिसतं ते खरं नाक असतं. महिनोन्‌महिने भरलेलं नाक बघायची सवय झालेली असते आणि एका संध्याकाळीत ते उतरतं, आरशात बघून धक्का बसतोच. तुझा तो डावीकडचा खड्डा परत दिसणार आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवते म्हणजे त्या दिवशी रडायला येणार नाही. कदाचित आधीपेक्षा कमीही दिसेल, कारण पाचव्या महिन्यात तू जे बघत होतीस ते अर्धवट उतरलेल्या सुजेतलं नाक होतं. राइनोप्लास्टीची सूज पूर्ण जायला वर्ष लागतं, शेंड्याची सगळ्यात शेवटी जाते, आणि आपल्याकडे नाकाची कातडी बऱ्याच जणांची जाड असते, त्यांना दीड-दोन वर्षंही लागतात. ती सूज सगळीकडून सारखी उतरत नाही, एका बाजूने आधी उतरते, मग त्या बाजूला खड्डा वाटतो. पाचव्या महिन्यात खड्डा भरणं म्हणजे पुढे आपोआप सारखी झाली असती अशी जागा भरणं, असं बऱ्याचदा होतं. सर्जन लोक वर्षभर थांब म्हणतात ते टाळायला नाही म्हणत गं.

निळसर छटा म्हणतेस ती फिलर कातडीच्या फार वर पडल्याची खूण असू शकते, पातळ जेलमधून उजेड तसा विखुरला जातो. ती सहसा विरघळवल्यावर जाते. रुंदपणाबद्दल मात्र मी इतकी ठाम नाही, कारण ऑपरेशन झालेल्या नाकात आतली कातडी खालच्या भागाला परातीला सुकलेल्या पिठासारखी चिकटलेली असते, फिलरला बसायला सरळ जागा मिळत नाही, ते वाट मिळेल तिकडे सरकतं. आणि शेंड्याच्या वरचा जाडपणा असेल तर तो फिलरचा नसून आतल्या स्कार टिश्यूचा म्हणजे व्रणाचाही असू शकतो, त्याच्यावर हायल्युरोनिडेज काही करत नाही, तिथे स्टिरॉइडचं थेंबभर इंजेक्शन लागतं, ते वेगळं औषध, वेगळा हिशोब. म्हणून जमलं तर आधी नाकाची हाय फ्रिक्वेन्सीची सोनोग्राफी करून घे, त्यात हायल्युरॉनिक काळ्या डबक्यासारखं दिसतं, कुठे आहे किती आहे कळतं, आणि अंदाजपंचे सुया मारायची गरज राहत नाही.

प्रत्यक्ष दिवशी काय होतं ते सांगते. 1500 युनिटच्या कुपीत पावडर असते, ती सलाइनमध्ये विरघळवतात. आधी हातावर थेंबभर टोचून वीसेक मिनिटं बघतात, गांधी उठली, लाल झालं, खाज आली तर थांबतात. ॲलर्जी क्वचित होते, जे आकडे छापून आलेत ते हजारात एकाहून कमी ते सात इतकेच आहेत, पण होते, म्हणून ज्या क्लिनिकमध्ये ॲड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन नाही तिथे हे करू नये. मग बारीक सुईने थोडं थोडं, थरांत. चुरचुरतं, डोळ्यांतून पाणी येतं, नाकाला सुई लागली की सगळ्यांनाच येतं. पुस्तकातला हिशोब 0.1 एमएल फिलरला 5 युनिट असा आहे, पण काही कंपन्यांची जेल घट्ट असते त्यांना बरंच जास्त लागतं, म्हणून सिरिंजवरचं स्टिकर किंवा बिल शोधून ने, ब्रँड कळला की डॉक्टरचं काम अर्धं होतं. परिणाम त्याच दिवशी सुरू होतो, एक-दोन दिवसांत बहुतेक काम झालेलं असतं, पण इंजेक्शनचीच सूज असते म्हणून निकाल दोन आठवड्यांनी बघायचा. एका खेपेत सगळं जाईलच असं नाही. आणि दोन आठवड्यांनी खड्डा दिसला म्हणून लगेच परत फिलर भरू नकोस, प्लीज. रिव्हिजन करायची का हे तुझे सर्जन रिकामं नाक बघून ठरवतील, त्यांना नेमकं तेच बघायचंय.

हो, आणि विरघळवण्याचा खर्च, औषधाचा तरी, फिलरच्या सिरिंजच्या मानाने अगदीच कमी असतो. कोणी फिलरच्याच तोडीचं बिल सांगितलं तर कशाचे पैसे लावले ते विचार.

नमस्कार डॉक्टर. वय 34, पुरुष, नागपूर. तीन वर्षांपूर्वी ॲक्सिडेंटनंतर नाक सरळ करायचं ऑपरेशन झालं होतं. या वर्षी शेंडा थोडा उचलायला एका क्लिनिकमध्ये फिलर घेतलं. टोचताना शेंडा पांढरा पडला, थोड्या वेळाने ठीक वाटलं म्हणून घरी आलो, रात्री दुखायला लागलं आणि सकाळी नाकावर जाळीसारखे जांभळे डाग. फोन केला तर म्हणाले मार लागल्यासारखं आहे, बर्फ लावा, होईल कमी. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पुळ्या आल्या, मग खपली, आता एका नाकपुडीच्या कडेला खड्डा आणि व्रण आहे. आता विरघळवून उपयोग आहे का? आणि नक्की काय झालं होतं? — वाचक, नागपूर

तुमचं पत्र वाचून खरं सांगायचं तर राग आला, तुमचा नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून फिलर रक्तवाहिनीत गेलं असावं किंवा वाहिनी बाहेरून दाबली गेली असावी आणि तेवढ्या भागाला रक्त पोचलं नाही. पांढरं पडणं, मग जांभळी जाळी, मग दुखणं, दोन-तीन दिवसांनी पुळ्या आणि शेवटी खपली, हा क्रम इतका ठरलेला आहे की फोनवर ऐकूनसुद्धा ओळखता यायला हवा. मार लागलेला निळा डाग जाळीसारखा नसतो आणि बोटाने दाबून सोडल्यावर तिथे रंग पटकन परत येतो, इथे येत नाही, किंवा फार हळू येतो.

ऑपरेशन झालेल्या नाकात हा धोका जास्त का, तर ओपन राइनोप्लास्टीत दोन नाकपुड्यांच्या मधल्या दांडीवर छेद घेतात तेव्हा तिथून शेंड्याला जाणाऱ्या बारीक वाहिन्या कापल्या जातात. शेंडा मग बाजूने येणाऱ्या वाहिन्यांवर जगतो. म्हणजे चार रस्त्यांतले दोन आधीच बंद, त्यात उरलेल्यावर जेलचा गोळा बसला की संपलं. शिवाय व्रणामुळे वाहिन्या एका जागी जखडलेल्या असतात, सुई आली तरी बाजूला सरकत नाहीत. तुमचं ऑपरेशन कोणत्या पद्धतीचं होतं ते कागदावर असेल, ते बघा.

आता विरघळवून उपयोग आहे का? गेलेली कातडी त्याने परत येत नाही, इतक्या महिन्यांनी तर नाहीच. व्रणासाठी सिलिकॉन जेल, लेसर, गरज पडली तर कानाच्या पाळीवरून थोडी कातडी घेऊन कड भरणं, हे सगळं करता येतं पण व्रण पिकायला सहसा वर्षभर देतात, आणि हे काम प्लास्टिक सर्जनचं आहे, ज्यांनी फिलर टोचलं त्यांचं नाही. तुमच्या केसपेपरची प्रत लेखी मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत त्यात पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यावं असं स्पष्ट लिहिलंय. तक्रार करायची की नाही हा तुमचा प्रश्न, करायची तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते, पण कागद हातात असू द्या.

बाकीच्या वाचकांसाठी हे थोडं ओरडूनच सांगते. नाकात फिलर घेतल्यावर कातडी पांढरी पडली, जाळी दिसली, दुखणं वाढत गेलं तर त्याच तासाला त्याच डॉक्टरला गाठा, नाही मिळाले तर ज्या मोठ्या हॉस्पिटलात प्लास्टिक सर्जरी विभाग आहे तिथल्या कॅज्युअल्टीत जा. सकाळी बघू असं नाही. काही फिलरमध्येच बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं म्हणून सुरुवातीला दुखणारही नाही, रंगावर लक्ष ठेवा. इथे हायल्युरोनिडेज थेंबाथेंबाने देत नाहीत, शेकड्यांनी युनिट देतात आणि रंग परत येईपर्यंत तासातासाने पुन्हा देतात, अशा वेळी हातावरच्या टेस्टसाठी कोणी थांबत बसत नाही. बर्फ लावू नका, बर्फाने वाहिन्या अजून आकसतात, शेक गरम हवा. आणि टोचताना किंवा नंतर एका डोळ्याने दिसेनासं झालं, डोळा दुखला, पापणी पडली तर मिनिटांचा प्रश्न आहे, डोळ्याच्या पडद्याला रक्त नाही मिळालं तर तास-दीड तासात कायमचं नुकसान होतं. नाकाच्या दांड्यावरची वाहिनी मागे डोळ्याच्या वाहिनीला जोडलेली असते म्हणून हे होतं. 2015 मध्ये जगभरातल्या अशा 98 केसेस एकत्र करून छापल्या होत्या, फिलर किंवा चरबी टोचल्यावर दृष्टी गेलेल्या, त्यात भुवयांच्या मधली जागा पहिली होती आणि नाक दुसरं, साधारण चौथा हिस्सा. 2019 मध्ये त्याच लोकांनी अजून 48 नव्या केसेस मांडल्या तेव्हा त्यातल्या निम्म्याहून जास्त नाकाच्या होत्या. जगभरात रोज किती नाकं भरली जातात ते बघता ही संख्या कमी आहे, मान्य, पण डोळा एकच गेला तरी तो आपला असतो.

म्हणून फिलर घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा, हायल्युरोनिडेज आत्ता इथे फ्रिजमध्ये आहे का, कुपी दाखवा. "मागवून घेऊ" असं उत्तर आलं तर उठा.

नाकातलं फिलर सहा-आठ महिन्यांत आपोआप जातं असं क्लिनिकवाले सांगतात, मग विरघळवायची भानगड कशाला? — एक वाचक, दुबई

जातं, पण सगळं जात नाही, आणि नाकातून तर लवकर जात नाही. ओठ दिवसभर हलतात तिथलं लवकर संपतं, नाकाचा दांडा हलतो कुठे? गालात टाकलेलं हायल्युरॉनिक एमआरआयमध्ये अनेक वर्षांनी दिसल्याचं छापून आलंय. सहा महिने हा "परिणाम कमी दिसायला लागतो" याचा आकडा आहे, "नाहीसं होतं" याचा नाही. काही त्रास नसेल, दिसायला ठीक असेल, तर अर्थातच काही करू नका, उगाच सुई कशाला. पण पुढे रिव्हिजन ऑपरेशन करायचं असेल तर बहुतेक सर्जन निदान दोन-तीन आठवडे आधी विरघळवून या म्हणतात, नाहीतर आत जेल आणि कार्टिलेज यांचा गोंधळ होतो आणि माप चुकतं. दुबईत जिथे घेतलंत तिथूनच ब्रँड आणि किती एमएल टाकलं ते लिहून घ्या, भारतात येऊन करायचं ठरवलंत तर तो कागद लागेल.

ताई, माझी मुलगी 23 वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचं नाकाचं ऑपरेशन झालं, ते ठीक होतं. पण मैत्रिणीच्या नादाने एका ब्युटी पार्लरमध्ये जाऊन तिने नाकात काहीतरी टोचून घेतलं, ती बाई म्हणाली कोरियन आहे, परमनंट आहे, परत परत यायला नको. आता नाकावर हाताला गाठी लागतात. डॉक्टरनी विरघळवायचं इंजेक्शन दोनदा दिलं, काही फरक नाही. मुलगी रोज बोटाने दाबून बसते. — एक आई, कोल्हापूर

ताई, आधी तिचे हात नाकावरून काढा. दाबून गाठ जात नाही, आतली सूज वाढते आणि जंतू जायला वाट मिळते.

"परमनंट" शब्द ऐकला तिथेच मला शंका आली. हायल्युरॉनिक ॲसिडला कोणी परमनंट म्हणत नाही. हायल्युरोनिडेज फक्त त्याच एका पदार्थाला कापतं. कॅल्शियमचं फिलर, ॲक्रिलिकच्या बारीक मण्यांचं फिलर, सिलिकॉनचं तेल, यातलं काहीही असेल तर दोनदा काय वीसदा दिलं तरी फरक पडणार नाही, उलट दर वेळी ॲलर्जीचा धोका मात्र वाढतो. म्हणून तिसरं इंजेक्शन घेऊ नका. आधी सोनोग्राफी, मग प्लास्टिक सर्जन, आणि तेही ज्यांनी तिचं ऑपरेशन केलं ते भेटले तर उत्तम, कारण आत काय कुठे लावलंय ते त्यांना माहिती आहे. सिलिकॉनसारखं असेल तर शांत असलेल्या गाठीला बऱ्याचदा हात लावत नाहीत, त्रास देणाऱ्या गाठीला स्टिरॉइड देतात, अगदीच झालं तर ऑपरेशनने काढतात, आणि ते सगळंच्या सगळं निघेल असं वचन कोणी देऊ शकत नाही. गाठ लाल झाली, गरम लागली, ताप आला तर मात्र वाट न बघता दाखवा.

हे नाकात "कायमचं" भरायचं वेड फार जुनं आहे बरं का. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात पॅराफिन म्हणजे मेण वितळवून नाकात टोचायचे. ग्लॅडिस डीकन नावाची तेव्हाची एक गाजलेली सुंदरी होती, पुढे मार्लबरोची डचेस झाली, तिने 1903 च्या सुमाराला ग्रीक पुतळ्यासारखं सरळ नाक हवं म्हणून मेण भरून घेतलं आणि ते हळूहळू घसरून हनुवटीकडे गेलं, चेहरा कायमचा बिघडला. तिच्याकडे पैसा होता, डॉक्टर होते, तरी ते निघालं नाही. मुलीला ही गोष्ट रागावून सांगू नका, पण सांगा. आणि त्या पार्लरवाल्या बाईंना सुई हातात धरायचा अधिकार नाही, पोलिसांत तक्रार करता येते, दुसऱ्या कोणाची मुलगी वाचेल.

आपल्या मासिकात नाकाच्या ऑपरेशनचे लाड चाललेत ते बघून वाईट वाटलं. देवाने दिलेलं नाक बदलायचं हे पाश्चात्त्य फॅड आपण का उचलावं? आमच्या वेळी असलं काही नव्हतं. — निवृत्त शिक्षक, पुणे

सर, फिलर उगाच घेऊ नये यावर तुमचं-माझं एकमत आहे. पण पाश्चात्त्य फॅड म्हणालात तिथे मला तुमच्याच पुण्यातली गोष्ट सांगावी लागेल. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायला होता, 1792 च्या लढाईत टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा फिरला, मग पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवं नाक लावून दिलं. मेणाचं नाक करून बघितलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, त्याच्या कडेने कातडी कापली आणि खाली वळवून बसवली. मुंबई इलाख्याच्या इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं, लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर 1794 ला चित्रासकट छापून आलं आणि ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने 1814 मध्ये लंडनला तसं ऑपरेशन केलं. म्हणजे फॅड इथून तिकडे गेलं, सर.

आणि यात मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की त्या कुंभाराने कपाळावरची कातडी पूर्ण कापून काढली नाही, दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली, कारण तिच्यातून रक्त येत राहणार होतं. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास नवीन जागी रक्त सुरू झालं की मगच ती पट्टी कापायची. वरच्या नागपूरच्या पत्रात जे झालं ते या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे झालं. हातात सिरिंज असलेल्या प्रत्येकाला हे माहिती असतं तर माझी निम्मी पत्रं कमी झाली असती.

मॅडम माझं लग्न तीन आठवड्यांवर आलंय, ऑपरेशन होऊन वर्ष झालंय, नाकात फिलर आहे ते थोडं वाकडं वाटतं, विरघळवून नवीन भरून घेऊ का? फोटोग्राफर पण महागातला घेतलाय. — नवरी, सातारा

नको. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यात अठराशेवं आपण होऊन कशाला आणायचं? विरघळवल्यावर सूज, निळे डाग, निकाल कळायला दोन आठवडे, दुसरी खेप लागली तर अजून दोन, आणि नवीन भरायची घाई केली तर उरलेलं एन्झाइम नव्याचंही नुकसान करतं. तीन आठवड्यांत हे बसत नाही. वाकडेपणा किती आहे ते फक्त तुलाच दिसतंय का, हे घरातल्या एखाद्या तोंडावर खरं बोलणाऱ्या माणसाला विचार. मेकअपवालीला सांग, दांड्यावर उजेड-सावलीचं काम त्या इतकं छान करतात की मला हेवा वाटतो. लग्नानंतर दोन महिन्यांनी सर्जनला दाखव.

आमचा मधाचा व्यवसाय आहे, महाबळेश्वरकडे. मला मधमाशी चावली की अंग सुजतं, एकदा श्वास कोंडला होता आणि साताऱ्याला ॲडमिट केलं होतं. चार महिन्यांपूर्वी नाकात फिलर घेतलं, आधी ऑपरेशन झालेलं आहे. ते आता विरघळवायचंय. क्लिनिकमध्ये ॲलर्जी आहे का विचारलं तर मी औषधांची नाही असं सांगितलं. माशीचं सांगायला हवं होतं का? — वाचक, महाबळेश्वर

हो, हवं होतं, आणि अजून इंजेक्शन घेतलेलं नाही ना, मग वेळ गेलेली नाही. मधमाशीच्या विषातच हायल्युरोनिडेज असतं, तेच त्या विषाला कातडीत पसरायला मदत करतं, आणि माशीची जोरदार ॲलर्जी असलेल्या काहींना या औषधाचीही रिॲक्शन येऊ शकते. गांधीलमाशीचंही तसंच. तुम्हाला श्वास कोंडण्याइतका त्रास झालेला आहे, त्यामुळे क्लिनिकमध्ये हातावर टेस्ट करून बघू असं कोणी म्हणालं तरी तयार होऊ नका. आधी ॲलर्जीच्या डॉक्टरला दाखवा, ॲडमिटच्या वेळचा डिस्चार्ज पेपर घेऊन जा, आणि करायचंच ठरलं तर हॉस्पिटलमध्ये, जिथे भूलतज्ज्ञ हाताशी आहे तिथेच. पण त्याआधी तुमच्या सर्जनला हे विचारा की विरघळवणं खरंच गरजेचं आहे का. चारच महिने झालेत, रक्तपुरवठ्याचा काही त्रास नाही, फक्त दिसण्याचा प्रश्न असेल तर तुमच्या बाबतीत मी तरी वर्षभर थांबून फिलर कमी होण्याची वाट बघेन. आणि तोपर्यंत पेट्या उघडताना जाळी आणि हातमोजे घालताय ना?